परागाची बरणी आणि अंड्याचा हिशेब

२०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर ‘मधाचं गाव’ झालं. तेव्हापासून आमच्याकडे मधपेट्यांची चौकशी करणारे वाढलेत, ही चांगलीच गोष्ट. पण आता प्रदर्शनांत मधाशेजारी परागाच्या पिवळ्या गोळ्यांची बरणीही दिसते. विकणारा सांगतो, “रोज चमचाभर खा, अंडी-डाळींची गरज नाही, सांधेदुखीही जाते.” मग तुम्ही विचारता, साहेब, खरं काय?

पराग सकस आहे, यात वाद नाही. मध म्हणजे बहुतेक साखर आणि पाणी. परागात मात्र साधारण पाचवा हिस्सा प्रथिनं, शिवाय ब गटातली काही जीवनसत्त्वं आणि क्षार असतात. माश्या अळ्या वाढवतात त्या परागाच्याच जोरावर. अर्थात फुलागणिक फरक पडतो. सूर्यफुलाचा, मक्याचा पराग त्या मानानं हलका.

आता चमच्याचा हिशेब मांडा. चमचाभर पराग फार तर १० ग्रॅम, त्यात प्रथिनं २ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर हरभऱ्यात जवळपास तेवढीच. पोरांचं अंडं बंद करून ही महागडी बरणी आणणं आतबट्ट्याचंच. सांधेदुखीचं तर नावच काढू नका. उलट दमा किंवा ॲलर्जी असलेल्याला परागानं श्वास कोंडण्याइतका त्रास होऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात टाकू नये.

पेटीवाल्यांनो, तुमच्याशी जरा वेगळं बोलायचंय. पेटीच्या दाराला जाळी लावली की माशी आत शिरते आणि तिच्या पायांवरच्या गोळ्या खालच्या ट्रेमध्ये गळतात. काम सोपं, म्हणून लोभ सुटतो. माझ्या पाहण्यातल्या एका मधपाळानं महिनाभर जाळी काढलीच नाही. अळ्या उपाशी राहिल्या, वसाहत दुबळी झाली आणि पराग विकून आलेल्या पैशापेक्षा जास्त मध हातचा गेला. फुलोरा जोरात असेल तेव्हा आठवड्यातून दोन-तीन दिवस जाळी लावा, तीही भरल्या वसाहतीलाच. सातेरीच्या लहान वसाहतीला लावूच नका.

ओल्या परागाला लगेच बुरशी धरते. रोज गोळा करून सावलीत वाळवा, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

आणखी एक. आंतरप्रवाही कीटकनाशक फुलाच्या परागातही उतरतं. शेजारच्या रानात काय फवारलंय, बियाण्याला काय चोळलंय, हे आधी विचारून घ्या. तसलं औषध वापरलं असेल तर त्या बहरात जाळी काढून ठेवा. तो पराग विकायचाही नाही आणि घरातही खायचा नाही.