‘आळशी’ म्हणण्याआधी रक्त तपासा

गेल्या महिन्यात एक बाई आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलीला ताप नव्हता, खोकला नव्हता. तक्रार आईचीच होती. “डॉक्टर, हिला काहीतरी ताकदीचं टॉनिक द्या. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि आडवी होते. पाण्याची कळशी आणायला सांगितली तर वाटेत बसते. अभ्यासाला बसली की पेंगते. हिचा भाऊ बघा, दिवसभर उड्या मारतो. ही नुसती आळशी!”

मुलगी मान खाली घालून बसली होती. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग गुलाबी असायला हवा. तो पांढराफटक होता. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.२ निघाले. या वयाच्या मुलीचे ते किमान १२ तरी हवे.

त्या बाईंना बोलण्याचा अधिकार मला नाही. २००९ साली माझी स्वतःची मुलगी आठवीत होती. दिवसभर मी दुसऱ्यांच्या मुलांच्या पापण्या ओढून पाहत होतो आणि रात्री घरी जाऊन ‘तुझे अभ्यासात लक्षच नाही’ म्हणून तिला रागावत होतो. सहामाहीत गणितात मार्क घसरले तेव्हा मी तिला एक चापटही मारली. पुढे पत्नीला तिच्या कंपासपेटीत पाटीवरच्या पेन्सिलींचे अर्धवट खाल्लेले तुकडे सापडले. खडू, पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हे शरीरात लोह कमी असल्याचे एक लक्षण आहे, हे मी कितीतरी पालकांना सांगितले असेल. “एकदा आपल्या पोरीचं रक्त बघा की,” पत्नी म्हणाली. हिमोग्लोबिन निघाले ९.४. तीन महिन्यांच्या औषधाने मुलगी पुन्हा हसूखेळू लागली. त्या चापटीचे मात्र अजून वाईट वाटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१ होते. कारण समजायला अवघड नाही. या वयात उंची झपाट्याने वाढते, तसे रक्तही वाढावे लागते, आणि त्यातच पाळी सुरू होऊन दरमहा लोह बाहेर जाते. लोहावाचून हिमोग्लोबिन तयार होत नाही. ते कमी पडले की शरीराला प्राणवायू पुरत नाही. मग जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडते, चिडचिड होते, वाचलेले ध्यानात राहत नाही. घरचे याला आळस म्हणतात. काही घरांत तर ‘वयात आली, आता नखरे करते’ असेही ऐकले आहे.

मुलगी काय खाते, ते मी विचारले. सकाळी चहा-चपाती. मधल्या सुटीत पाच रुपयांचे पाकीट. रात्री सगळ्यांची जेवणे झाल्यावर आईबरोबर, तोवर भाजीचा रस्साच उरलेला. चहा-चपाती हा आपला लाडका नाश्ता, पण चहातले टॅनिन अन्नातले लोह अडवून धरते. चहा सोडवत नसेल तर निदान खाण्यापासून तासभर लांब ठेवा. मोडाची मटकी, बाजरीची भाकरी, हळीव, पालेभाजी पानात असू द्या आणि वर लिंबू पिळा. पेरू किंवा आवळा असेल तर उत्तमच. घरात चालत असेल तर मटण, कलेजी, मासे द्या, त्यातले लोह अंगी जास्त लागते. आणि बीट? हा प्रश्न मला रोज विचारतात. खुशाल द्या, पण रंग लाल म्हणून रक्त वाढेल ही आशा नको, त्यात लोह थोडेच असते. लोखंडी कढई मात्र खरोखर उपयोगाची आहे. नॉनस्टिकच्या नादात ती माळ्यावर गेली असेल तर खाली काढा.

मात्र ८ वर आलेले हिमोग्लोबिन नुसत्या खाण्याने १२ वर जात नाही. त्याला गोळ्याच लागतात. शाळेत आठवड्यातून एकदा देतात ती निळी गोळी रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. शौचाला काळी होते, मळमळते, म्हणून ती फेकून दे असे सांगणारे पालक मला माहीत आहेत. काळ्या रंगाने काही बिघडत नाही. मळमळ टाळायला गोळी जेवल्यावर घ्यावी, पण चहा-दुधाबरोबर नको. रक्त आधीच कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज गोळी घ्यावी लागते आणि आकडा सुधारल्यावरही काही महिने ती चालू ठेवावी लागते. जंताचे औषधही चुकवू नये. एवढे करूनही रक्त वाढले नाही तर पुढच्या तपासण्या हव्यात, कारण सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असू शकतो.

मी मुलीला पाळीबद्दल विचारले तेव्हा ती आईकडे पाहू लागली. “सगळ्यांना जातं तसंच जातं,” आईने परस्पर उत्तर दिले. मी मुलीलाच पुन्हा विचारले, तेव्हा हळूच म्हणाली, “नऊ दिवस.” आईलाही हे नवीन होते. सात दिवसांहून जास्त जात असेल तर त्यावर उपचार करायलाच हवा, नाहीतर वरून ओतायचे आणि खालून गळायचे अशी गत होते. वडिलांना तर हा विषय आपला वाटतच नाही. मलाही वाटला नव्हता.

निघताना मी बाईंना म्हणालो, “तुमचंही रक्त बघू या.”

“माझं कशाला? मला काय धाड भरलीय?”

सिस्टरांनी समजूत घालून त्यांना बसवले. हिमोग्लोबिन ७.६. इतका वेळ खाली पाहत बसलेल्या मुलीने पहिल्यांदा मान वर केली.

“डॉक्टर, मग आम्ही दोघींनी गोळ्या बरोबरच घ्यायच्या का?”

रात्री जेवण झाल्यावर दोघींनी समोरासमोर बसून घ्या, असे मी सांगितले. आठवण करून देण्याचे काम उड्या मारणाऱ्या भावाकडे दिले आहे.