फणसांब्याची परीक्षा घ्यावी

रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या म्हाताऱ्या फणसाचे खोड नीट न्याहाळून पाहा. सालीतून बाहेर आलेली, अर्ध्या ताटलीच्या आकाराची, तपकिरी आणि लाकडासारखी टणक वाढ कधीकधी दिसते. हाच फणसांबा. त्याला फणसअळंबे असेही म्हणतात. पावसात उगवणारी छत्रीसारखी अळंबी चार दिवसांत विरून जाते. फणसांबा मात्र थरावर थर चढवीत वर्षानुवर्षे वाढतो. दोघांची रूपे निराळी असली तरी दोन्ही कवकेच होत. फणसांब्याचे अन्न म्हणजे फणसाचे लाकूड.

फणसांबा पाण्यात उगाळून तान्ह्या मुलांच्या हिरड्यांना लावण्याची रीत जुनी आहे. तोंड येणे, फार लाळ गळणे, हगवण यांवर तो वापरीत. त्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, “आजीबाईच्या बटव्यातले औषध, त्याला पुरावा कशाला?” दुसरे म्हणते, “झाडावरची बुरशी ती, तिचे कसले औषध?” माझ्या मते दोन्ही चूक आहेत, कारण परीक्षा घेण्याचे कष्ट दोघांनीही टाळले आहेत.

आधी दुसऱ्या मताचा विचार करू. १९२८ साली फ्लेमिंग यांना जे पेनिसिलीन दिसले, ते बुरशीनेच बनविलेले होते. अवयवरोपण झालेल्या रुग्णांना दिले जाणारे सायक्लोस्पोरिनही मुळात कवकातूनच मिळाले. फणसांब्याच्या जवळच्या नात्यातील एक कवक चीन, जपान व कोरियात तुतीच्या झाडावर वाढते आणि तेथे औषधी म्हणून प्रसिद्ध आहे. १९६८ साली जपानी शास्त्रज्ञांनी फेलिनस लिंटियस या नावाच्या कवकाचा अर्क उंदरांना दिला, तेव्हा त्यांच्या शरीरातील गाठींची वाढ रोखली गेल्याचे आढळले. तुती आणि फणस एकाच वनस्पतिकुळातील आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? एवढ्याने फणसांबा औषधी ठरत नाही. पण तो तपासून पाहण्यास हे कारण पुरेसे आहे.

आता पहिले मत. तुमच्या हातातला फणसांबा नेमका कोणता? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या औषधिग्रंथांत फणसअळंब्याला जे शास्त्रीय नाव दिलेले आढळते, ते मऊ, खाली पडदे असलेल्या शिंपल्यासारख्या अळंबीचे, म्हणजे आपल्या धिंगरीच्या जातीचे आहे. पुढे पुण्याचे कवकतज्ज्ञ जे. जी. वैद्य आणि त्यांचे सहकारी यांनी औषधी कवकांचा अभ्यास केला, तेव्हा फणसांबा हा टणक, छिद्रे असलेल्या फेलिनस वंशातला असल्याचे नोंदले गेले. तुतीवरच्या कवकाचीही तीच कथा. त्याला वर्षानुवर्षे फेलिनस लिंटियस म्हणत. २०१२ साली ती वेगळीच जाती असल्याचे दाखविण्यात आले. नावच चुकले तर एकाचा गुण दुसऱ्याच्या पदरी पडतो. औषधाच्या बाबतीत ही चूक क्षुल्लक नव्हे.

म्हणून माझे म्हणणे असे, की फणसांबा झाडावरून खरवडून विकण्याऐवजी तो प्रयोगशाळेत वाढवावा. त्याच्या आतल्या भागाचा लहानसा तुकडा निर्जंतुक बटाटा-शर्करा-अगारवर ठेवला, की त्यातून तंतूंचे जाळे पसरते. हे कवकजाल शिजवलेल्या धान्यावर वाढवून बियाणे करतात आणि ते लाकडाच्या भुशाच्या पिशव्यांत घालतात. भुसा आधी १२१ अंश सेल्सिअस तापमानाच्या वाफेने निर्जंतुक करावा लागतो. घरचा कुकरही वाफ कोंडूनच तापमान वाढवितो. भात पिकवून झालेल्या पेंढ्यावर धिंगरी काही आठवड्यांत येते. टणक कवकांना मात्र फार धीर लागतो. एकाच वाणाचा माल मिळाला, तरच आजचा प्रयोग उद्या पुन्हा करून पाहता येतो.

पुढचे काम रसायनशास्त्राचे. गरम पाण्यात बीटा-ग्लुकानसारख्या बहुशर्करा उतरतात. अल्कोहोलमध्ये फिनॉल वर्गातील पदार्थ. या गटातील कवकांत हिस्पिडिन नावाचे पिवळसर द्रव्यही सापडते. डीपीपीएच या रसायनाचे जांभळे द्रावण अर्क घालताच फिके पडले, तर अर्कात प्रतिऑक्सिडीकारक द्रव्य आहे असे समजतात. पण चहाचा अर्कही हा रंग फिका करतो! परीक्षानळीतील गुण म्हणजे औषध नव्हे. तेथून पेशी, मग प्राणी आणि शेवटी माणूस, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. दरम्यान बाळाचे तोंड आले, तर त्याला डॉक्टरांकडेच न्यावे.

हे काम कोकणातच व्हावे. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. फणसही इथलेच आणि ती रीत जाणणारी माणसेही इथलीच. जुना फणस फळीसाठी तोडला, की त्यावरचा फणसांबाही गेला. आणि जाणते माणूस गेले, की त्याच्याजवळची माहिती गेली.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एक वही करून घ्यावी. गावात कोणत्या फणसावर फणसांबा आहे, झाडाचा घेर किती, वाढीची रुंदी किती, दर वर्षी ती किती वाढते, घरातील वडीलधारी माणसे तो कशासाठी आणि कसा वापरीत, हे तीत लिहावे. फणसांबा तोडू मात्र नये. मोजपट्टी आणि पेन्सिल यांपलीकडे ह्या कामाला काही लागत नाही. उद्या एखाद्या संशोधकाला फणसांबा कुठे शोधावा असा प्रश्न पडेल, तेव्हा त्याला पहिले उत्तर तुमच्या वहीत मिळावे.