विहिरीतली नाडी

गेल्या रविवारी न्हावऱ्याच्या शिवारात चुलत्यांच्या विहिरीवर पोहायला गेलो होतो. चारी बाजूंनी ऊस, मध्ये गार पाणी. चुलत्यांचं, म्हणजे अण्णांचं, वय 58. पुण्याच्या मुलाने त्यांना नाडी मोजणारं घड्याळ घेऊन दिलंय. चार फेऱ्या मारून ते पायरीला धरून थांबले. चांगली धाप लागली होती आणि घड्याळात आकडा होता 84. "बघ, अजून दम आहे," म्हणाले. मी त्यांच्या मानेवर दोन बोटं ठेवली. दहा सेकंदांत 21 ठोके, म्हणजे मिनिटाला 126.

घड्याळ बिघडलेलं नव्हतं. ते कातडीत हिरवा उजेड सोडतं आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणाऱ्या उजेडातला फरक टिपतं. पोहताना पट्टा हलतो, काचेखाली पाणी शिरतं, गारव्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात. मग ते काय वाचणार? छातीचा पट्टा हृदयाची वीजच पकडतो, म्हणून तो जास्त भरवशाचा. फक्त ब्लूटूथच्या लहरी पाण्यात फार लांब जात नाहीत, तेव्हा आकडे स्वतःतच साठवणारा पट्टा घ्यावा. सूर मारला की तोही खाली सरकतो, हे आलंच.

मला खरी काळजी वाटते ती बरोबर आलेल्या आकड्याची. तेवढ्याच मेहनतीला पाण्यात ठोके कमी पडतात, बऱ्याच जणांचे दहाएक. अंग आडवं असतं, पाण्याचा दाब पायांतलं रक्त छातीकडे लोटतो, त्यामुळे एकेका ठोक्याला जास्त रक्त पुढे जातं. तोंड पाण्यात गेलं की नाडी आणखी धीमी होते. अण्णांना डॉक्टरांनी चालताना 120च्या वर जाऊ नका असं सांगितलंय. विहिरीतले त्यांचे 126 म्हणजे रस्त्यावरचे 135च्या आसपास! '220 वजा वय' हा हिशेबही जमिनीवरचाच, आणि तिथेही ढोबळ. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तर नाडी मुळातच दबलेली असते. पोहण्यासाठीचा आकडा डॉक्टरांकडून वेगळा मागून घ्या, आणि थांबल्या थांबल्या बोटाने मोजा. थांबलं की नाडी झपाट्याने उतरते. मिनिटभराने मोजलेला आकडा पोहण्याचा नसतो.

अण्णांनी पाचवी फेरी मारली नाही. पायरीवर बसून थोड्या वेळाने स्वतःच मानेला बोटं लावली. दहा सेकंदांत 15. मग उठले आणि नातवाच्या पाठीवरचा तरंगायचा डबा नीट बांधू लागले.