आधी ब्रेक, मग बूस्ट

‘भावा, गाडी स्टॉक आहे का रीमॅप?’

बिद्री, मुदाळ तिट्टा, गारगोटी या पट्ट्यात कॉलेजात असाल तर हा प्रश्न तुम्ही ऐकलाच असेल. कदाचित विचारलाही असेल. घरात जुनी स्विफ्ट डिझेल असते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्स नियम आले, मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या आणि त्या १.३ लिटरच्या इंजिनाचा भाव आपल्या मनात आणखी वाढला. त्यात टर्बो आहे, म्हणजे ताकद वाढवायला वाव आहे. मग कुणीतरी सांगतं, लॅपटॉप लावला की अर्ध्या तासात काम, आणि तेही स्वस्तात.

या नादाला नावं ठेवायला हे लिहिलेलं नाही. इंजिन हा कोल्हापूरचा जुनाच जिव्हाळा आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्रीत आणि लेथवर कितीतरी घरं उभी राहिली. इथलाच कृष्णराज महाडिक ब्रिटनमध्ये फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. इथलाच ध्रुव मोहिते राष्ट्रीय रेसिंगमध्ये धावला. त्यामुळे पोरांनो, गाडीचा नाद जरूर करा. पण खिशात पैसे मोजके असतील, तर ते कुठल्या क्रमाने खर्च करायचे हे तरी आधी ठरवा.

त्याआधी टर्बो काय करतो ते बघू. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर एक छोटं चाक फिरतं. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त गेली की डिझेल जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. ही चाकं मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतात, आणि दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल खराब झालं किंवा कमी पडलं, की टर्बो गेलाच म्हणून समजा.

रीमॅप म्हणजे कॉम्प्युटरला सांगणं, की हवेचा दाब वाढव आणि डिझेल जास्त सोड. त्याने ताकद वाढते, हे खरं आहे. मग कंपनीनेच ती का दिली नाही? उत्तर त्याच इंजिनात सापडतं. हेच १२४८ सीसीचं इंजिन स्विफ्टमध्ये ७५ पीएस ताकद देतं आणि अर्टिगा, सियाझमध्ये ९० पीएस. या १५ पीएससाठी कंपनीने वेगळा टर्बो बसवला, ज्याची पाती गरजेप्रमाणे कोन बदलतात. तुम्ही लॅपटॉपवरून तोच आकडा मागता, तेव्हा छोट्या टर्बोला मोठ्याचं काम लावता. कंपनीने राखून ठेवलेली ताकद ही भेसळीचं डिझेल, मे महिन्याचं ऊन आणि घाटातला भरलेला संसार यांच्यासाठी असते. ती तुम्ही आधीच खर्चून टाकता. मग क्लच घसरतो, एक्झॉस्ट तापतो आणि मागून काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे तुमचेच पैसे.

मग कमी पैशात करायचं काय? पहिलं काम, कंपनीने दिलेली ७५ची ताकद आज शिल्लक आहे का ते बघा. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत बहुतेकदा ती नसते. एअर फिल्टर तुंबलेला असतो. इंटरकूलरच्या रबरी पाइपला चीर गेलेली असते आणि दाबलेली हवा वाटेतच निसटते. टर्बोचा दाब सांभाळणाऱ्या बारीक नळ्या कडक होऊन फुटलेल्या असतात. इंजेक्टर तपासायला हवे असतात. हे सगळं नीट केलं आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल वेळेवर बदललं, तर गाडी ‘उठते’. अनेकांना रीमॅपमधून हवं असतं ते हेच. लांब पळवून आणल्यावर किल्ली लगेच फिरवू नका, मिनिटभर आयडलवर ठेवा. या सवयीला एक रुपया लागत नाही.

दुसरं काम, टायर आणि ब्रेक. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ‘२३१८’ असेल तर तो २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शिल्लक दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, हे किती जणांना माहीत आहे? वेग ६० वरून ८४ झाला की गाडीतली ऊर्जा जवळपास दुप्पट होते, आणि थांबवताना ती सगळी ब्रेकलाच जिरवावी लागते. रीमॅपने ब्रेक वाढत नाहीत.

हे बिद्रीत सांगायला वेगळं कारण आहे. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन. रात्री मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तरी उसाच्या पाचटाने झाकलेला. अशा ट्रॉलीच्या मागून येताना तुमच्याकडे किती पीएस आहेत याला काही अर्थ नसतो. गाडी किती मीटरमध्ये थांबते, एवढाच प्रश्न उरतो. ट्रॉलीवाल्यांनी रिफ्लेक्टर लावावेत आणि कारखान्यांनी ते लावल्याशिवाय ट्रॉली आत घेऊ नये, ही मागणी आपण करायलाच हवी. पण मागणी करणाऱ्याची स्वतःची गाडी वेळेवर थांबायला हवी ना!

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल सापडला, तर क्लेम अडकतो. स्वस्तातला रीमॅप मग घराला केवढ्याला पडतो, याचा हिशेब तुम्हीच करा. गाडीचे हप्ते बहुतेकदा वडिलांनी फेडलेले असतात.

आणि तरीही इंजिनात हात घालायची खाज असेल, तर ती योग्य ठिकाणी भागवा. इंजिनिअरिंग करत असाल तर कॉलेजच्या बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये घुसा. टीम नसेल तर प्राध्यापकांच्या मागे लागून सुरू करा. तिथे मोजक्या बजेटात गाडी बनवावी लागते, खर्चाचा हिशेब परीक्षकांपुढे मांडावा लागतो, आणि ब्रेकच्या चाचणीत चारही चाकं लॉक झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर उतरत नाही. जगभरच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांत क्रम हाच आहे. आधी थांबून दाखवा, मग पळा.

आपल्या गारगोटी रोडवरही तोच क्रम ठेवू. या महिन्यात हातात चार पैसे आले, तर ट्यूनरला फोन लावण्याआधी टायरवरचे ते चार आकडे वाचून या.