सभागृहाची किल्ली कोणाच्या हाती?

युरोपीय संघाची राजधानी म्हणून मिरविणाऱ्या ब्रुसेल्समध्ये १६ एप्रिल २०२४ रोजी एका खासगी सभागृहाच्या दाराशी पोलीस उभे राहिले. आत ‘नॅशनल कॉन्झर्व्हेटिझम’ची दोन दिवसांची परिषद नुकतीच सुरू झाली होती. आतल्यांनी बाहेर जावे, बाहेरच्यांनी मात्र आत येऊ नये, असा हुकूम होता. वक्ते म्हणून आलेले फ्रान्सचे एरिक झेमूर यांनाही दारातूनच परतावे लागले.

परिषदेची ही तिसरी जागा होती. आधीच्या दोन जागांच्या चालकांनी ठरलेले आरक्षण दबावाखाली ऐनवेळी रद्द केले होते. तिसऱ्या जागेचा मालक डगमगला नाही, तेव्हा सँ-जोस विभागाचे महापौर एमिर किर यांनी सार्वजनिक सुरक्षेचे कारण देत बंदीचा आदेश काढला. कडव्या उजव्यांना आपल्या नगरात थारा नाही, असेही त्यांनी जाहीर केले. तुर्कस्तानातील कडव्या राष्ट्रवादी पक्षाच्या महापौरांना भेटल्याबद्दल २०२० साली स्वपक्षातून हकालपट्टी झालेले हेच ते किर!

बेल्जियमच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्याच रात्री ही बंदी उठविली. शांततेने एकत्र येण्याचा हक्क तेथील राज्यघटनेच्या २६व्या कलमाने दिलेला आहे. न्यायालयाचे म्हणणे असे की, शांततेला धोका परिषदेपासून नव्हता. तो विरोधकांच्या संभाव्य प्रतिक्रियेपासून होता. दुसऱ्या दिवशी हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान तेथेच बोलले. उदारमतवादी पंतप्रधान अलेक्झांडर डी क्रू यांनीही ही बंदी घटनाविरोधी ठरविली.

या निकालातील तत्त्व मोलाचे आहे. दगड मारण्याची धमकी देणाऱ्याला आवरणे हे शासनाचे कर्तव्य. त्याऐवजी ज्याच्यावर दगड पडणार त्यालाच घरी बसविले, तर दगड उचलणाऱ्याच्या हाती प्रत्येक सभागृहाची किल्ली जाते. आपली जागा कोणाला द्यावी, कोणाला नाकारावी, हा मालकाचा अधिकार आहे. परंतु नकार त्याच्या मर्जीचा असावा, भीतीचा नसावा.

तत्त्व मात्र आपल्याला सोयीचे असेल तेवढेच मानून चालत नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खार येथील ‘हॅबिटॅट’ या सभागृहाची शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली. कारण काय, तर एका विनोदकाराने तेथे उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर टीका केली होती. तो विनोद अनेकांना हीन वाटला, वाटणे स्वाभाविकच. परंतु दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथकही हातोडे घेऊन तेथे पोहोचले आणि चालकांनी जागा बंद करीत असल्याचे जाहीर केले. बांधकाम अनधिकृत असेलही. कारवाईचा मुहूर्त नेमका त्याच दिवसाचा कसा निघाला, हा प्रश्न उरतोच.

१९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने संपत्तीचा मूलभूत हक्क गेला. तरीही, कायद्याच्या अधिकाराविना कोणाचीही मालमत्ता हिरावता येणार नाही, हे ३००-अ कलम कायम आहे. त्याचे बळ न्यायालयात दिसते. सभागृहचालकाला मात्र परवाना, पाणीजोडणी आणि अग्निशमन दाखला यांचीच धास्ती असते.

आणीबाणीत सभांसाठी जागा मिळेनाशा झालेल्यांना हे वेगळे सांगायला नको. आज ज्याचे दार बंद झाले तो विरोधक आहे म्हणून जे आनंदतात, त्यांनी सत्ता फिरते, हातोडा मात्र तोच राहतो, हे ध्यानी ठेवावे.