साडेतीनशे रुपयांचं केसिंग आणि नाव गेलेले फोटो

आमच्या गावच्या वाचनालयात एक लोखंडी कपाट आहे. त्यात ग्रामीण साहित्य संमेलनांच्या निमंत्रणपत्रिका, नाट्यमंडळाची हँडबिलं, शाळेच्या स्नेहसंमेलनांचे फोटो, गावातल्या घराघरांतून जमा केलेले मुंबई राज्याच्या काळातले मराठी उतारे आणि बरंच काय काय आहे. उंदरांनी खाल्लेलं वेगळं. दोन वर्षांमागं दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहाजणांनी ते सगळं स्कॅन करायचं ठरवलं. स्कॅनर मिळाला, लॅपटॉप मिळाला. साठवायला एका मित्राच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधली ५०० जीबीची हार्ड डिस्क काढली आणि बाजारातून साडेतीनशे रुपयांचं केसिंग आणून त्यात बसवली. केसिंग कसलं घ्यायचं यावर आम्ही दोन मिनिटंसुद्धा विचार केला नाही. डबाच तो, त्यात काय बघायचं?

हा लेख त्या डब्याबद्दल आहे. आता घरोघरी कुणी ना कुणी आजीच्या ओव्या रेकॉर्ड करतंय, जुने कागद मोबाईलवर स्कॅन करतंय, आणि ते सगळं शेवटी अशाच कुठल्यातरी डब्यात जाऊन पडतंय.

स्कॅनिंगपेक्षा मोठं काम होतं फोटोंना नावं द्यायचं. रोज संध्याकाळी गल्लीतले एक आबा यायचे. वय पंच्याऐंशीच्या पुढं, पण नजर आणि आठवण दोन्ही शाबूत. फोटो स्क्रीनवर लावला की ते सांगायचे, "हा डावीकडचा तिसरा, पेटी वाजवायचा बघ. आणि ही बाई नव्हे रे, आपल्या खालच्या गल्लीतला पोरगा हाय, लुगडं नेसून उभारलाय." आम्ही ते तसंच्या तसं फाईलच्या नावात लिहायचो. वेगळी वही ठेवली नाही. आता सांगताना लाज वाटते, पण नाही ठेवली.

केसिंग पहिल्या आठवड्यापासूनच सांगत होतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी लॅपटॉप 'टुंग' करायचा, डिस्क गायब, पुन्हा 'टुंग', डिस्क हजर. आम्ही वायर जरा दाबून बसवायचो आणि पुढं चालू. एका संध्याकाळी कॉपी चालू असतानाच ती गेली, परत आली, आणि स्क्रीनवर विंडोजनं विचारलं की ही डिस्क वापरायला आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? आमच्यातल्या एकानं होय दाबलं. नंतर म्हणाला, "विचारलं म्हणून व्हय म्हटलं की. दुसरं काय करायचं होतं?" त्याला बोलून उपयोग नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यानं बरेचसे फोटो परत मिळाले. पण ते फाईलची यादी वाचत नाही. डिस्कवर थेट फोटोचा माल शोधून उचलतं. त्यामुळे फोटो येतात, नावं येत नाहीत. प्रत्येक फोटोचं नाव काय, तर एफ आणि पुढं एक लांबलचक आकडा. आजींच्या ओव्यांची लांब रेकॉर्डिंग तर अर्ध्यावर तुटलेली निघाली, कारण मोठ्या फायली डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत पडलेल्या असतात आणि ते तुकडे जोडणारी यादीच गेलेली. आबा त्या पावसाळ्यात वारले.

आता खरी गोष्ट. नंतर ती डिस्क केसिंगमधून काढून एका मित्राच्या डेस्कटॉपला थेट साटा वायरनं लावली आणि तपासली. एकही खराब सेक्टर नाही! ती डिस्क आजही चालते. मेला होता तो डबा.

केसिंग म्हणजे नुसतं कव्हर नव्हे, हे तेव्हा कळलं. डिस्क बोलते साटाची भाषा, लॅपटॉप ऐकतो यूएसबीची. मध्ये एक छोटी चिप दुभाषाचं काम करते. दुभाषा कच्चा असेल तर दोन्हीकडची माणसं शहाणी असून काय उपयोग, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. या चिप बनवणाऱ्यांत एएसमीडिया, जेमायक्रॉन, रियलटेक ही ओळखीची नावं. चांगल्या केसिंगच्या माहितीत चिपचं नाव दिलेलं असतं. जिथं नुसतं 'हाय स्पीड' आणि 'सुपर क्वालिटी' लिहिलंय तिथं मी घेत नाही. घेतल्यावरही बघता येतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा. बहुतेक वेळा १७४सी म्हणजे एएसमीडिया, १५२डी म्हणजे जेमायक्रॉन. अर्थात चांगली चिप टाकून बाकीचं सर्किट भिकार केलेलं केसिंगही असतंच, म्हणून चिप कळली की झालं असं नाही.

दुसरा घोळ विजेचा, आणि माझ्या मते आमच्या डिस्कचा बळी त्यातच गेला. लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क यूएसबीवरच चालते, वेगळा अडॅप्टर लागत नाही. पण जुन्या यूएसबी २ पोर्टची हमी ५०० मिलीअँपिअरची, यूएसबी ३ ची ९०० ची. काही डिस्कना चकती फिरायला सुरू होताना एक अँपिअरच्या आसपास लागतो. त्यात आमची वायर लांब आणि बारीक, आणि लॅपटॉपचा पोर्ट जुना. अशा वेळी डिस्क 'टिक-टिक' करते आणि गल्लीतला तज्ज्ञ सांगतो, हेड गेलं, टाकून द्या. गेलंही असेल. पण आधी आखूड वायर, दुसरा पोर्ट आणि दुसरं केसिंग लावून बघा. ते न करता डिस्क उघडायला देऊ नका.

साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून तिचं केसिंग स्वतःच्या अडॅप्टरसकट येतं. एका जागी राहणाऱ्या वाचनालयाच्या कामाला मला तेच बरं वाटतं. फक्त आपल्याकडं पावसाळ्यात लाईट कशी जाते ते तुम्हाला माहीत आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि डिस्क मात्र लिहिता लिहिता खटकन बंद. तेव्हा अडॅप्टर यूपीएसवर नाहीतर इन्व्हर्टरवर लावायचा, थेट बोर्डात नाही.

वेगाच्या जाहिरातींकडे मी बघतच नाही. यूएसबी ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १ ही एकाच गोष्टीची तीन नावं, वेग ५ जीबीपीएस. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, त्याला हे पुरून उरतं. १० जीबीपीएसचं लेबल बघून जास्त पैसे मोजायचे ते वेगवान एसएसडी असेल तर. ते पैसे सॉकेटवर घाला. जुन्या पद्धतीचं रुंद, चपटं मायक्रो-बी सॉकेट दप्तरात घालून नेऊन-आणून ढिलं होतं, आमचंही झालं होतं. टाईप-सी असलेलं मला जास्त टिकाऊ वाटतं. ॲल्युमिनियमचं घेतलं तर उष्णता बाहेर पडते. आणि डिस्कची जाडी बघून घ्या, ७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर दोन्ही असतात. पातळ डिस्क सैल केसिंगमध्ये हलत राहिली की जोडणीवर ताण येतो, त्यासाठी सोबत फोमची पट्टी येते. ती कचरा समजून टाकू नका.

आता वादाचा मुद्दा. अनेकजण म्हणतात, एवढी कटकट कशाला, तयार पोर्टेबल हार्ड डिस्क घे की, तीन वर्षांची वॉरंटी मिळते. माझा त्याला विरोध आहे, निदान अशा कामासाठी. बऱ्याच तयार पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्याच बोर्डावर जोडलेलं असतं, आत साटा नसतोच. सॉकेट तुटलं तर डिस्क काढून दुसऱ्या केसिंगमध्ये घालता येत नाही. काहींत मधली चिप सगळा डेटा स्वतःच्या कुलपात घालते, तुम्ही पासवर्ड ठेवलेला नसला तरी. मग चिप मेली की आतली चांगली डिस्कही मुकी. आणि वॉरंटीचं म्हणाल तर वॉरंटीत नवी डिस्क मिळते, फोटो नाही. सुटी साटा डिस्क आणि वेगळं केसिंग घेतलं तर केसिंग मेलं तरी हजार रुपयांत दुसरं येतं. सिनेमे साठवायला तयार डिस्क घ्या, माझं काही म्हणणं नाही.

केसिंग बदललं आणि डिस्क रिकामी दिसली तरी घाबरू नका. काही केसिंग, विशेषतः दोन टीबीच्या पुढच्या डिस्कसाठी, सेक्टरचा हिशेब स्वतःच्या पद्धतीनं लावतात. तीच डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये घातली की संगणकाला विभागणी ओळखू येत नाही आणि तो फॉरमॅट करू का विचारतो. नाही म्हणा. पुन्हा जुन्या केसिंगमध्ये घालून बघा. आमच्या वाचनालयात आता संगणकाच्या वर कागद चिकटवलाय, "फॉरमॅट विचारलं तर नाही. आधी फोन कर." खाली माझा नंबर.

नवं केसिंग आलं की त्यावर लगेच विश्वास टाकायचा नाही. मी त्यात शंभर-दीडशे जीबी एका दमात कॉपी करतो, रात्रभर तसंच लावून ठेवतो, सकाळी परत उलटं कॉपी करतो आणि दोन्हीकडच्या फायलींचे हॅश जुळवतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल हे त्यासाठी आधीपासून असतं. मग क्रिस्टलडिस्कइन्फो लावून बघतो की केसिंगमधून डिस्कची तब्येत दिसते का. दिसत नसेल तर परत. काही केसिंग ही माहिती पुढं जाऊच देत नाहीत, आणि तब्येत न सांगणारा डबा मला नको. हे सगळं परत करायची मुदत संपायच्या आत करायचं, नाहीतर दुकानदार ओळखसुद्धा दाखवत नाही. आणखी एक, जिथं फक्त विंडोजच वापरायचंय तिथं डिस्क एक्सफॅटऐवजी एनटीएफएसमध्ये ठेवा. एक्सफॅटला अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद ठेवायची सोय नाही, मध्येच तुटलं की जास्त नुकसान होतं. आमची एक्सफॅट होती.

केसिंग चांगलं असलं तरी एक प्रत म्हणजे प्रत नव्हेच, हे तर आहेच. आता आमच्याकडं वाचनालयात मोठी डिस्क अडॅप्टरवाली, माझ्या घरी अडीच इंची, आणि तिसरी पुण्यात नोकरीला असलेल्या मित्राकडं. तो सणाला गावी येतो तेव्हा स्वेटरमध्ये गुंडाळून आणतो, नवं भरून घेतो आणि रात्रीच्या बसनं परत नेतो. नावं फाईलमध्येही आहेत, वेगळ्या एक्सेलमध्येही आहेत, आणि वहीतही.

दर रविवारी गल्लीतल्या आज्यांना बोलावून फोटो पुन्हा लावतोय. निम्म्याहून थोडे जास्त ओळखले गेलेत. पेटीवाला सापडला, लुगडं नेसलेला पोरगाही सापडला, त्याचा नातू तर आमच्याच वर्गात होता. एका फोटोत देवळाच्या पायरीवर टाळ घेऊन एकटाच बसलेला एक माणूस आहे. आबांनी त्याच्याबद्दल बरंच काय काय सांगितलं होतं आणि मी ते सगळं टाईप केलं होतं, एवढंच आठवतंय. नाव काही केल्या आठवत नाही.