कोलेस्टेरॉल मोजता, मग टीएसएच का नाही?

मीरा-भाईंदरमध्ये आरोग्य शिबिरांना तोटा नाही. बातमीसाठी मी बऱ्याच शिबिरांना जातो. बॅनर मोठा, त्यावरचे फोटो मोठे, तपासण्या मात्र ठरलेल्या. बीपी, शुगर, फार तर कोलेस्टेरॉल. ते वाढलेलं निघालं की "तेल-तूप कमी करा, डॉक्टरांकडून गोळी घ्या" एवढं सांगून पुढचा नंबर. पण वाढलं कशामुळे?

एक कारण थायरॉइड असू शकतं, मंडळी. थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, नीट उचलत नाही. ते रक्तातच साचतं. सौम्य प्रकारात तर टी-४ नॉर्मल असतो, फक्त टीएसएच वाढलेला. त्रास कधी काहीच नाही, कधी नुसता थकवा. तो आपण लोकलच्या गर्दीवर ढकलतो. मुंबई धरून देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभरातल्या साधारण ८ प्रौढांना हा सौम्य प्रकार होता. म्हणजे प्रत्येक सोसायटीत कुणी ना कुणी निघणारच.

म्हणूनच स्टॅटिनची गोळी सुरू करण्याआधी टीएसएच बघावा, असं वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. थायरॉइड कमी असताना स्टॅटिन घेतलं तर स्नायू दुखण्याचा धोकाही वाढतो.

आता दुसरी बाजू. टीएसएच जरा वाढला म्हणजे लगेच थायरॉइडची गोळी, असंही नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात, अनेकांचा आपोआप खाली येतो. १० च्या वर राहिला तर सहसा उपचार करतात. त्याखाली वय, हृदयविकार, गर्भधारणा हे सगळं पाहून डॉक्टर ठरवतात. शिवाय सौम्य प्रकारात थायरॉइडच्या गोळीने कोलेस्टेरॉल थोडंच उतरतं. त्यामुळे डायबेटिस किंवा हार्टवाल्यांनी हे वाचून स्टॅटिन परस्पर बंद करू नये, हात जोडून सांगतो.

माझी मागणी साधी आहे. महापालिकेने आणि शिबिरं भरवणाऱ्या नेत्यांनी, ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघेल निदान त्यांचा तरी टीएसएच करावा. बॅनर एक कमी लावा, त्यात काही जणांचा खर्च सुटेल.

आणि तुम्ही? घरातला जुना रिपोर्ट काढा. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल आणि टीएसएच कधी झालाच नसेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.